नाशिकरोडहून रेल्वेने निघताय? कचऱ्याची आणि सहप्रवाशांची काळजी अशी घ्या

नोकरी, कॉलेज किंवा दवाखान्याच्या निमित्ताने नाशिकची बरीच माणसं आयुष्यात पहिल्यांदा नियमित रेल्वेप्रवास सुरू करतात. नाशिकरोड ते मुंबई सीएसएमटी हे अंतर साधारण १८७ किलोमीटर. पंचवटीसारख्या गाडीने साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे एक नाश्ता, दोन चहा आणि एखादी डुलकी. एवढ्या वेळात एका माणसाचा मूठभर कचरा होतो. डब्यात माणसं शंभराच्या घरात असतात, त्यामुळे मुंबई येईपर्यंत तो पोतंभर होतो.

डब्यात पडणारा बराचसा कचरा घरच्या ओट्यावरच ठरलेला असतो. काय बांधून घेतलं, कशात बांधलं आणि उरलेलं ठेवायला काही घेतलं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. हातात साल आहे आणि ठेवायला जागा नाही, अशा वेळी चांगला माणूसही खिडकीकडे बघतो. म्हणून सुरुवात घरापासून करू.

निघण्याआधी: सोबत काय घ्यायचं

एका माणसाला पुरेल एवढं सामान हे:

• सुक्या कचऱ्यासाठी एक कापडी किंवा जाड पिशवी, साधारण वीतभर रुंद आणि दीड वीत लांब. पातळ कॅरीबॅग नको, ती फाटते आणि वाऱ्याने उडते.
• ओल्या कचऱ्यासाठी घट्ट झाकणाचा अर्धा लिटरचा रिकामा डबा. श्रीखंडाचा जुना डबा उत्तम.
• जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं, एक ओलं होऊ शकेल असं फडकं, एक लिटरची पाण्याची बाटली.
• लहान बाळ सोबत असेल किंवा पाळीचे दिवस असतील तर कागदी पिशव्या तीन-चार जास्त.

चौघांचं कुटुंब असेल तर पिशवी मोठी घ्या आणि ओल्या कचऱ्याचे डबे दोन ठेवा. पिशवी सामानाच्या तळाशी गेली तर घेऊन उपयोग नाही. ती हाताशी, शक्यतो पुढच्या सीटच्या जाळीत किंवा हुकला अडकवलेली असावी.

आता खाण्याचं. केळ्याच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग साल असतो. डझनभर केळी नेली तर डब्यात तेवढ्या साली सांभाळाव्या लागणार, हे आधीच धरून चाला. द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, नाशिकचा माणूस द्राक्षं नेणारच. ती घरीच धुऊन, देठावरून काढून, डब्यात भरून न्या. काड्या आणि सडके मणी घरच्या ओल्या कचऱ्यात जातात आणि गाडीत काहीच उरत नाही. संत्री-मोसंबी सोलून फोडी करून न्या. उकडलेली अंडी सोलून न्या, टरफलांचे तुकडे सीटच्या फटीत गेले की झाडूने निघत नाहीत. भुईमुगाच्या शेंगा टाळाच, त्याऐवजी भाजलेले दाणे न्या. चिवडा पुडीतून खाल्ला की एक मूठ खाली सांडते आणि वाटेत पायाखाली चुरडून तेलाचा थर होतो, म्हणून तो डब्यात आणि सोबत चमचा. मिसळीची तर्री, रस्सा, पातळ आमटी हे बांधूच नये. गाडी सांधा बदलताना असा हिसका देते की स्टीलच्या डब्याचं झाकणही उघडतं. भाकरी-ठेचा, पोळी-भाजीची गुंडाळी, थालीपीठ, धपाटे हे प्रवासाचं खरं खाणं.

वातानुकूलित डब्यात आणखी एक गोष्ट बघा. तिथे हवा फिरून फिरून तीच येते. सुकट-बोंबील, लसणाची फोडणी किंवा फार पिकलेला फणस उघडला तर त्याचा वास पुढच्या दहा रांगांना तासभर सोबत करतो.

फलाटावर आणि चढताना

नाशिकरोडला बहुतेक गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. वीस मिनिटं आधी पोचा आणि डबा कुठे लागणार ते फलाटावरच्या दर्शकावर बघून तिथेच उभे राहा. गाडी आल्यावर सामानासकट धावणारा माणूस इतरांना धक्के देतो, तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नसतं, तो फक्त चुकीच्या जागी उभा असतो.

दाराच्या एका बाजूला उभं राहून आधी उतरणाऱ्यांना वाट द्या. पाठीवरची सॅक काढून पुढे घ्या किंवा हातात धरा. अरुंद वाटेत पाठीवरच्या सॅकचा फटका बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागतो आणि ते तुम्हाला कळतही नाही. मोठी बॅग आधी चढलेल्या माणसाकडे द्या, मग स्वतः चढा.

वंदे भारतने जाणार असाल तर पोचवायला आलेल्यांना आत येऊ देऊ नका. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात आणि मधे उघडून मिळत नाहीत. बॅग ठेवायला आत गेलेले काका थेट पुढच्या थांब्यापर्यंत जातात.

सामानाला मर्यादा आहे. दुसऱ्या वर्गात माणशी ३५ किलो, शयनयान आणि एसी चेअर कारमध्ये ४० किलो विनाशुल्क नेता येतं. कांद्याची गोणी किंवा द्राक्षांच्या पेट्या दारापाशी रचू नका, त्यांनी संडासाची वाट आणि कचरापेटी दोन्ही अडतात. जास्त शेतमाल असेल तर पार्सल कार्यालयात नोंदवा. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या देवळालीहूनच दानापूरकडे सुटली होती, शेतमाल रेल्वेने पाठवणं या भागाला नवं नाही.

जागेवर बसल्यावर

पहिली पाच मिनिटं खाण्यात घालवू नका. आधी डब्याची माहिती करून घ्या. कचरापेटी बहुतेक डब्यांत दाराजवळ, हात धुण्याच्या बेसिनखाली असते. तिचं झाकण बेसिनच्याच पत्र्यासारखं दिसतं, त्यामुळे नवख्या माणसाला ती सापडत नाही आणि कचरा बेसिनच्या कडेला ठेवला जातो. ती आधीच पाहून ठेवा. सीटखाली आधीच्या माणसाची बाटली किंवा कागद असेल तर तो आपल्या पिशवीत घ्या. घाण दिसणाऱ्या जागी लोक आणखी घाण करतात आणि स्वच्छ जागी हात आखडतो, हे कुठल्याही डब्यात दिसून येतं.

रुमाल टाकून चार जणांची जागा अडवण्याची पद्धत जनरल डब्यात आहे, तिच्यात सामील होऊ नका. पासधारकांसाठी राखीव डबे वेगळे असतात. पास काढणार असाल तर तो कोणत्या गाडीत आणि कोणत्या डब्यात चालतो ते खिडकीवर विचारून घ्या, डब्यावरची पाटी वाचा. रोजच्या प्रवाशांचे गट वर्षानुवर्षं एकत्र जातात आणि डब्याची शिस्त बहुतेक वेळा तेच सांभाळतात. नवीन माणसाने दोन दिवस नुसतं बघावं. कोण कुठे सामान ठेवतं, कचऱ्याची पिशवी कुठे टांगलेली असते, कुठल्या बाजूला लोक झोपतात, हे न विचारता कळतं.

खाताना

वर्तमानपत्राचं एक पान मांडीवर पसरा, खाणं त्यावर. सांडलेले कण त्याच कागदात गुंडाळून पिशवीत टाका. झाकणाचा डबा फक्त ओल्यासाठी, म्हणजे साल, उरलेली भाजी, चहाचा घोट राहिलेला कप. कपाची खरी गंमत तिथेच आहे. लोक दोन घोट चहा ठेवून कप खाली ठेवतात, गाडी वळण घेते, कप आडवा होतो आणि चहा पुढच्या सीटखालच्या बॅगेपर्यंत पोचतो. चहा पूर्ण प्या, किंवा उरलेला डब्यात ओता. रिकामे कप एकात एक घाला, दहा कपांना एका कपाची जागा लागते. बाटली चेपून झाकण लावा.

बेसिनमध्ये भात, चहापत्ती, भाजीचा मसाला धुऊ नका. त्याची नळी अरुंद असते. चार शितं अडकली की पाणी तुंबतं, वळणावर बाहेर उसळतं आणि दारापाशी फरशी निसरडी होते. तिथे पडणारी माणसं बहुधा म्हातारी असतात. डबा घासण्याचं काम घरी, गाडीत फक्त कागदाने पुसून घ्या.

कचरापेटी भरलेली असेल तर वर ढीग रचू नका, पुढच्या डब्याची बघा. तीही भरलेली असेल तर पिशवी बांधून स्वतःजवळ ठेवा. भरलेल्या पेटीवर ठेवलेला कचरा पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या वाटेवर पसरतो.

खिडकी, घाट आणि रूळ

देवळाली, घोटी करत गाडी इगतपुरीला येते. मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या घाट उतरण्याआधी ब्रेकच्या तपासणीसाठी इथे थांबतात. वडापाव, चहा, भेळ सगळं खिडकीशी येतं आणि इथूनच कचऱ्याचा मोठा लोंढा सुरू होतो, कारण खाऊन होईपर्यंत गाडी बोगद्यांत शिरलेली असते आणि अंधारात टाकलेलं कुणाला दिसत नाही.

ते जातं कुठे हे नीट समजून घ्या. रुळांखालची खडी ही नुसती भर नसते. दगडांमधल्या फटींतून पावसाचं पाणी खाली निघून जावं आणि गाडीचं ओझं सारखं पसरावं, म्हणून ती टोकदार आणि मोकळी ठेवतात. पिशव्या, राख, कुजलेलं अन्न त्या फटींत बसलं की पाणी तुंबतं, खालची माती मऊ होते, गाडी गेली की चिखल वर येतो आणि रुळाची पातळी बिघडते. मग तिथे वेग कमी करावा लागतो आणि गाड्या उशिरा धावतात. कसारा घाटात तर चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना वर ढकलायला कसाऱ्याला जादा इंजिनं लावतात. पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी रुळांच्या कडेच्या गटारांतूनच खाली जायला हवं. त्या गटाराच्या तोंडाशी दहा-वीस बाटल्या आणि एक फाटकी पिशवी अडकली तरी पाणी रुळांवर येतं. तो कचरा यंत्र उचलत नाही. पाऊस अंगावर घेत ट्रॅकमन तो हाताने काढतात.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून सोडलेली वस्तू त्या क्षणी सेकंदाला जवळपास २८ मीटर वेगाने पुढे जात असते. तुम्ही ती फेकत नाही, नुसती सोडता, तरीसुद्धा. रुळाशेजारी काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली बसली तर काय होईल, याचा हिशोब करायला लागत नाही. थुंकी आणि चूळ यांचं ठिकाण तर मागच्या खिडकीतल्या माणसाचा चेहरा असतं.

घाटात माकडं दिसली की लहान मुलांना बिस्किटं टाकायचा मोह होतो. टाकू नका. खाणं रुळांजवळ मिळतं हे कळलं की टोळ्या तिथेच बसून राहतात आणि गाडीखाली येतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, ऐन वेळी हात धरणं जमत नाही.

कायद्यानेही हे गुन्ह्यात मोडतं. रेल्वेच्या आवारात आणि गाडीत कचरा टाकणं, थुंकणं यासाठी २०१२ च्या नियमांनुसार ५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

संडास

आता प्रवासी डब्यांत जैव-शौचालयं आहेत. पूर्वी मैला थेट रुळांवर पडायचा, म्हणून गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नये असं लिहिलेलं असे. आता डब्याखाली टाकी असते, तिच्यातले जिवाणू मैला कुजवतात आणि पाणी व वायू बाहेर पडतो. ही व्यवस्था चांगली आहे, पण तिला फक्त मैला आणि पाणी चालतं. गुटख्याची पुडी, पाण्याची बाटली, पॅड, डायपर, कापड, कंगवा यांतलं काहीही आत गेलं की भांड्याखालच्या वाकड्या नळीत अडकतं. डायपर पाणी पिऊन फुगतो, तो तर बोळ्यासारखा घट्ट बसतो. धावत्या गाडीत ते खालून उघडून काढता येत नाही. एका माणसाच्या एका पुडीमुळे डब्यातल्या चारपैकी एक संडास शेवटच्या स्टेशनपर्यंत बंद पडतो, आणि उरलेल्या तीन संडासांसमोर रांग लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. आत जाण्याआधी नळाला पाणी आहे का बघा. पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून, कागदी पिशवीत घालून कचरापेटीतच टाका, आतल्या छोट्या पेटीत मावत नसेल तर बाहेरच्या. वापरानंतर फ्लशची कळ पूर्ण दाबा, अर्धवट दाबली तर पाणी पुरेसं येत नाही. फरशी ओली झाली असेल तर कागदाने पुसा. साखळीला बांधलेला मग उलटा टांगून ठेवा.

आवाज आणि रात्र

मोबाइलवर व्हिडिओ, गाणी, व्हॉट्सअॅपचे निरोप हे सगळं इयरफोनवर. कॉल आला तर थोडक्यात बोला, लांबणार असेल तर बसलेल्यांपासून दूर जा, पण उघड्या दारात उभे राहू नका. सकाळच्या गाडीत अर्धे लोक पहाटे चारला उठून आलेले असतात, त्यांची ती तासाभराची झोप फार मोलाची असते.

रात्री मनमाड, भुसावळ, नागपूरकडे किंवा उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत चढणाऱ्यांनी आणखी जपावं. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपण्याची वेळ. या वेळात मिडल बर्थवाल्याला बर्थ लावायचा हक्क आहे, आणि सकाळी सहानंतर तो पाडून सगळ्यांना बसायला जागा द्यायची. दहानंतर फक्त रात्रीचा मंद दिवा. मध्यरात्री चढताना बर्थ क्रमांक आधीच पाठ करा, मोबाइलची बॅटरी पायांकडे धरा, कुणाच्या तोंडावर नको. चादर, औषध, पाणी हे फलाटावरच वरच्या कप्प्यात काढून ठेवा, म्हणजे अंधारात चेन उघडझाप करावी लागत नाही. चार्जिंगचे पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद असतात, फोन घरूनच भरून घ्या.

शेजाऱ्याला सांगायचं कसं

सगळ्यात अवघड भाग हाच. कुणी साल खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला की रागावून बोलणं सोपं, पण त्याने माणूस हट्टाला पेटतो आणि पुढची साल मुद्दाम टाकतो. मोबाइलने चित्रीकरण करणं तर टाळाच, भांडण डब्यापुरतं राहत नाही.

पिशवी पुढे करा. “काका, इकडे द्या, माझ्याकडे पिशवी आहे.” बस्स. उपदेश नको, स्वच्छतेवर भाषण नको. बाईमाणूस असेल तर “मावशी, यात टाका ना,” म्हातारी असेल तर “आजी, मी टाकतो, राहू द्या.” दहापैकी बहुतेक जण देतात, थोडे ओशाळतात आणि पुढच्या वेळी स्वतः पिशवी मागतात. मोठ्याने गाणं लावणाऱ्या तरुणाला “दादा, जरा आवाज कमी करता का, आईला झोप लागलीय” इतकं पुरतं. कारण दिलं की माणसाला ऐकायला सोपं जातं. तरीही कुणी अंगावर आलं तर पुढे बोलू नका, टीसीला सांगा.

तक्रार कशी करायची

पाणी संपलं, संडास तुंबला, कचरापेटी ओसंडली, तर १३९ वर फोन करा किंवा रेलमदद अॅपवर नोंदवा. हाताशी तीन गोष्टी हव्यात: तिकिटाचा पीएनआर क्रमांक (जनरल तिकीट असेल तर तिकिटावरचा क्रमांक), डब्याचा क्रमांक, आणि नेमकी जागा. “डबा घाण आहे” असं लिहिलं तर कुणाला काय न्यायचं ते कळत नाही. “डी-४, मनमाडच्या बाजूचा डावा संडास तुंबलाय, पाणी वाटेत येतंय” असं लिहा. फोटो जोडा. तक्रार क्रमांक मोबाइलवर येतो, तो जपून ठेवा.

कधी नोंदवता यालाही अर्थ आहे. मोठं स्टेशन अर्धा-पाऊण तासावर असताना नोंदवलं तर तिथे माणूस येऊ शकतो. कल्याण गेल्यावर केलेली तक्रार शेवटच्या स्टेशनवरच बघितली जाते. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत सफाई कर्मचारी सोबत असतात आणि ते साधारण सकाळी ६ ते रात्री १० काम करतात. तो आला की पाय वर घ्या, बॅग उचलून धरा, आणि झाडून झाल्यावर लगेच शेंगदाण्याची पुडी उघडू नका.

उतरताना आणि घरी आल्यावर

उतरण्याच्या दहा मिनिटं आधी सीटखाली, जाळीत, खिडकीच्या खाचेत हात घालून बघा. जाळीतली बाटली ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू आहे. पिशवी फलाटावरच्या कचरापेटीत टाका, ओलं आणि सुकं वेगळ्या पेट्या असतील तर वेगळं. परतीच्या प्रवासात तर तेवढंही करायची गरज नाही. पिशवी घरी आणा आणि सकाळी घंटागाडीत द्या, ओला डबा वेगळा. नाशिकचा ओला कचरा पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जातो, पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिलेल्या सालीचं खत होत नाही. डबा त्याच दिवशी धुऊन, पिशवी झटकून प्रवासाच्या बॅगेत परत ठेवा. ती बॅगेत असली तर पुढच्या वेळी आठवण ठेवावी लागत नाही.

सिंहस्थाच्या दिवसांत

२०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावचे पाहुणे तुमच्याकडे येतील आणि परत जाताना तुम्हीच त्यांना नाशिकरोडला सोडाल. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. गोदावरीचं पाणी नेणार असतील तर कॅन काठोकाठ भरू देऊ नका, दोन बोटं रिकामी ठेवा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून घट्ट फिरवा आणि कॅन उभा राहील असा सीटखाली टेकवा. आडवा ठेवलेला कॅन रात्रभर ठिबकतो आणि खाली ठेवलेल्या सगळ्यांच्या पिशव्या भिजवतो. हार-फुलं सोबत नेऊ नका, गोदाघाटावर निर्माल्य कलश असतात, तिथेच ठेवायला सांगा. पुलावरून गाडी जाताना नदीत निर्माल्याची पुडी किंवा नाणी टाकण्याची सवय अनेकांना असते. पुडी नदीत क्वचितच पडते, बहुधा पुलाच्या लोखंडाला आपटून रुळांवर फुटते, आणि नाणं खाली कपडे धुणाऱ्या किंवा मासे धरणाऱ्या माणसाच्या डोक्यात बसू शकतं. हे निघण्याआधी घरी, जेवताना सांगा. गाडी पुलावर आल्यावर श्रद्धाळू माणसाचा हात धरायला गेलात तर त्याला वाईट वाटेल.